झुंबरबाईचं गाणं

नांदुरा, ८ जानेवारी १९३४

सौ. गीताताईले निवृत्तीचा दंडवत.

मी बरा आहो. खानावळीत भाकर चांगली भेटते. आईचा खोकला थांबला काय?

आमच्या शाळेच्या पोराईनं अन् कापसाच्या जिनात काम करणाऱ्या बायाईनं मिळून एक गाणं रचलं. त्या बायाईतली झुंबरबाई ओळ सांगे, पोरं पुढची जोडत. महिनाभरात पोरं तिले आजी म्हणू लागले.

तपासणीले साहेब आले, तवा हेडमास्तरानं बायाईले फाटकाबाहेरच थांबवलं. पोराईनं गाणं म्हटलं. साहेबानं इचारलं, "हे कोणी रचलं?" हेडमास्तरानं माह्याकडे बोट दाखवलं. मी साहेबाले हात जोडले.

पोराईनं तिले सारं सांगतलं होतं. मी निघताना फाटकापाशी झुंबरबाई म्हणे, "मास्तर, माहं नाव घेतल्यानं गाणं बाटलं असतं काय?"

तवापासून पोरं ते गाणं म्हणत नाहीत.

आईले एवढंच सांग, की साहेबानं माही पाठ थोपटली.

तुहा धाकला,
निवृत्ती