हलू नये म्हणून

मुरबाड, मंगळवार संध्याकाळ, जानेवारी २००४

सकाळी वेल्डरने ऑफिसच्या जीपमध्ये लॅपटॉपचा स्टँड बसवला. त्यासाठी मागच्या समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक कापला. खड्ड्यांत हलू नये म्हणून खाली रबर घातलं. सर्व्हेची नोंद आता जागेवरच होईल, या खुशीत मी वाडीवर गेलो.

वाडीतलं आजारी माणूस परतीला आमच्याच जीपने येतं. दोन्ही बाकांवर फळी आडवी टाकून त्याला निजवतात. आज सोमीला कळा लागलेल्या. तिची सासू फळी घेऊनच आली आणि आत बघून थबकली.

"दुसरा बाक कुठं गेला, साहेब? फळी आता टेकवू कशावर?"

सोमी खाली पत्र्यावर बसली, स्टँडचा पाय घट्ट धरून. प्रत्येक खड्ड्याला ती ओरडत होती. वर लॅपटॉप मात्र जागचा हलत नव्हता.

दवाखान्यात पोचेपर्यंत मूल पोटातच गेलं होतं. निजून आली असती तर वाचलं असतं? डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही. फळी अजून जीपमध्येच आहे.

आत्ताच ठाण्याच्या हेड ऑफिसातून साहेबांचा फोन आला होता. "स्टँड कसा आहे? हलतो का?"

"नाही," म्हटलं. "जरासुद्धा नाही."