पुलाच्या खोलीतला दुसरा दिवा

२ जुलै, बुधवार

दुसरा दिवा आजही विझलेलाच! तीन दिवस झाले.

पूलवाल्याच्या खोलीत मी जाळी झाडायला जाते. माझा नवरा वीबे गेला तरी त्याची किल्ली माझ्याकडेच राहिली, कुणी मागितली नाही. होड्या आल्या की तो तिथे बसून हाताने कालव्यावरचा पूल उचलायचा. आता तिथे एक कपाट आहे, आणि पूल उचलते माझी नात नीन्के — चाळीस किलोमीटरवर, शहरात, खुर्चीत बसून, चार कॅमेऱ्यांचं चित्र बघून. ते चित्र जातं कपाटातल्या राउटरमधून. बसवणारा माणूस माझी कॉफी पीत म्हणाला होता, "आजीबाई, तारा दोन आहेत, दर तारेचा एक दिवा, पण राउटरला सांगितलंय, ही एकच जाड तार समज. दोघी मिळून ओझं ओढतात. एक मेली तर दुसरी ओढते. कुणाला कळतसुद्धा नाही!"

कळतसुद्धा नाही — हे तो कौतुकाने सांगत होता.

३ जुलै

नीन्केला फोन केला. आमच्याकडे आजीला बेप्पे म्हणतात, तीही तसंच म्हणते. "बेप्पे, माझ्या पडद्यावर तर हिरवं आहे."

"असेल. पण इथे दिवा एकच आहे."

तिने तिच्या साहेबाला विचारलं, पोस्टमाला. तो म्हणाला म्हणे, "जोडणी चालू दिसतेय. तुझ्या आजीला वाचता तरी येतं का?"

नाही येत! मालाच्या बोटीवर जन्मले, कुठल्या बंदरात तीन आठवड्यांवर टिकलो नाही, शाळा कुठली? म्हणून तर हे सगळं फोनला सांगते, तो लिहून ठेवतो. काय लिहितो ते त्याचं त्याला ठाऊक. पण दोनपर्यंत मोजता येतं मला, पोस्टमा.

४ जुलै

अजून एकच.

५ जुलै, शनिवार

नीन्के स्वतः आली. कपाट उघडलं, वाकून पाहिलं, आणि चेहराच उतरला पोरीचा. "खरंच गं बेप्पे. एक तार मेलीय."

मग कॉफीवर हळूहळू बाहेर आलं. गर्दीत चित्र अडकतं म्हणे. शिडाच्या होड्या वाढल्या, चारही कॅमेरे लागले, की एका तारेला पेलत नाही. चार-पाच सेकंद. अडकलेल्या चित्रात पाणी रिकामं दिसतं, आणि ही पूल खाली सोडते.

"आणि तेवढ्यात खाली कुणी शिरलं तर?"

तिने हातातला साखरेचा पाव बशीत परत ठेवला.

"मग पूल बंद ठेव की!"

"ऐन मोसमात? पोस्टमा म्हणतो, माणूस बुधवारी येईल, तोवर चालव." मग — "बेप्पे, तू पुलाच्या खोलीत खिडकीशी बसशील? पूल उतरवण्याआधी मी खिडकीतल्या फोनवर फोन करीन. तू सांगितलंस तरच उतरवीन."

"घ्या! चौऱ्याऐंशीव्या वर्षी नोकरी लागली. पगार काय?"

हसली. पण पाव बशीत तसाच टाकून गेली.

६ जुलै, रविवार

सतरा फोन. सतरा वेळा म्हणाले, "रिकामं आहे, उतरव." जेवले नाही. मोरीतसुद्धा गेले नाही! वीबे होता तेव्हा हा पूल म्हणजे नुसता आवाज होता, स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आज पहिल्यांदा कळलं केवढा जड आहे तो. माझ्या एका शब्दावर खाली येतो.

७ जुलै, सोमवार

बोलवत नाही. पण कुणाला सांगू?

दुपारी तीन. पूल वर. होड्या गेल्या. फोन वाजला — "बेप्पे, चित्र अडकलंय. कुणी आहे?" मी पाहिलं. नीट पाहिलं! समोर पाणी, नुसतं पाणी. म्हणाले, "उतरव."

आणि डाव्या बाजूने एक छोटी होडी आली. अकरा-बारा वर्षांची मुलगी, केशरी जाकीट. होड्यांना थांबवणारा लाल दिवा लागलेला, पण तिला थांबता येईना. मी फोनमध्ये ओरडले, "थांब! थांब गं!" पूल थांबला. डोलकाठीचं टोक काडीसारखं मोडलं. मुलगी खाली बसून राहिली, डोकं दोन्ही हातांत धरून. तिला काही झालं नाही. काही झालं नाही.

नीन्के फोनवर रडत होती. "तू नसतीस तर, बेप्पे!"

मी होते की. मीच तर रिकामं आहे म्हणाले. कुठून आली ती? एवढी मोठी केशरी, आणि मला दिसली नाही!

नीन्केला एवढंच म्हणाले, "एकदम आली." ती म्हणाली, "उद्या फक्त तुझ्यावरच भरवसा."

८ जुलै

सकाळी तोंड धुताना उजव्या डोळ्यात साबण गेला. मिटून घेतला. सगळा काळोख! वाटलं, डावाही मिटलाय. बोटाने चाचपलं — पापणी वर होती. उघडा होता डोळा. कधीपासून?

खिडकीतला फोन वाजतोय. पूल वर आहे.