तोंड कोरडं ठेवा

गाडी थांबवली न्हाई तुमी. आधी हे लिहिते, मग बाकीचं. आण्णा, तुमी मरून लय वर्सं झाली, पण मेलं म्हणून सुटलं असं माझ्यापाशी चालत न्हाई. अक्षर वाकडं हाय. दुसरीतून काढून मला टोळीत तुमीच नेलं, तवा त्याच्यावर बोलू नका.

टोळीचे मुकादम तुमी. पाथरीहून ऊसतोडीला निघालो की बाप केबिनीत डायवरापाशी, आन लेक मागं ट्रकात, बायांच्या, शेळ्यांच्या आन भांड्याकुंड्यांच्या गर्दीत. थांबायचं आसंल तर केबिनीच्या टपावर थापा मारायच्या, ही रीत. त्या दुपारी मला लघवीला लागली, थापा मारून माझा तळहात लाल झाला. तुमी मुंडकं भाईर काढून वरडलात, "तोंड कोरडं ठेवा, मग लुगडी कोरडी राहत्यात!" डायवर हसला. मी तेरा वर्सांची. ज्वारीच्या पोत्यावर बसले होते, तिथंच झालं. पुढं गाडी थांबली ती तुमाला च्याची तलफ आली म्हणून. सगळ्या टोळीपुढं तुमी माझ्या हातात बादली दिलीत. "धू. तुझ्या आज्याची गाडी हाय का?" मी धुते. पोतं धुते, फळ्या धुते, आन बाया तोंडं फिरवून उभ्या हायत. माझी आई पण.

आन लग्नात आंदण काय दिलंत, तर तांब्या! पाणी पिऊ न देणारानं लेकीला तांब्या द्यावा. मी तो फडताळात पालथा घातला. रानात पाणी प्याले न्हाई, लग्नाकार्यात न्हाई. तरी घाई सुटली न्हाई. अलीकडं तर उठायचं, पळायचं आन दारात पोचेस्तोवर लुगडं ओलं. इथं सासरी, पेडगावात, कुणाचं लग्न आसलं की मी मांडवात न्हाई, मोरीच्या दाराशी.

शेवटी सुनेनं परभणीला डॉक्टरीण बाईकडं नेलं. तिनं लघवी तपासली, साखर तपासली. म्हणली, "आजी, तुमची लघवीची पिशवी भरायच्या आधीच आवळते. यावर औषधं आहेत." मी म्हणले, "वयाचं हाय." ती म्हणली, "वयाचं म्हणून सोसायचं नसतं." एक गोळी दिली, च्या कमी करा म्हणली, घड्याळ बघून जायची सवय लावा म्हणली.

गोळीनं तोंड कोरडं पडलं. आन इथं मी फसले, आण्णा. मला वाटलं, गुण आला! तुमचं बोलणं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं. जीभ टाळूला चिकटायली, भाकर घशाखाली उतरंना, पोट चार-चार दिवस साफ न्हाई, आन मी खूश. पाणी आणखी तोडलं. मग एक दिवस चुलीपुढं चक्कर येऊन पडले, आन सुनेलाच इचारायले, तू कुणाची गं?

डॉक्टरीण बाई लय रागावली. "तोंड कोरडं पडणं हा त्या गोळीचा त्रास आहे, गुण नव्हे. तुमच्या वयात तिनं डोकंही गोंधळतं. आणि पाणी तोडलं की लघवी दाट होते, पिशवी जास्तच चिडते. कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"बापानं."

तिनं गोळी बदलली. ह्या नव्या गोळीला बीपी मोजत राहावं लागतंय. ही पण न्हाई लागू पडली तर पिशवीत विंजेक्शन देत्यात म्हणं. उठताना मी म्हणले, "बाई, बापामुळं झालं असं कागदावर लिहून द्या." ती हसली. "तसं पक्कं सांगता येत नाही, आजी." तिला येत न्हाई. मला येतंय.

दुसरी गोळी मानवली. आता तांब्या सुलटा केलाय. तुमच्या फोटोला मी हार घालत न्हाई. रोज सकाळी त्याच्यापुढं बसते आन तुमाला दाखवून घटाघटा पाणी पिते.

एवढंच लिहून चिठ्ठी मिटणार होते. पण परवा एष्टीत सुनेनं बाटली तोंडाला लावली, आन माझ्या तोंडून गेलं, "तोंड कोरडं ठेव गं." बाटली तिनं खाली घेतली. माझ्याकडं बघत म्हणली, "आत्या, एवढं भोगून तुमीच असं म्हणायल्या?"

ही चिठ्ठी कुठं टाकायची न्हाई, गोळ्यांच्या डब्यात ठेवायलेय. सुनेचा सवाल तसाच पडून हाय. मी जबाब देणार न्हाई. तुमी द्यायचा. उठा.