गोठ्यात टाकलेली घोंगडी

रविवार, १४ मार्च १९९९, संध्याकाळ. पाबळ.

डोकं अजून तापलंय. आज मुलीकडचे मला बघायला येणार, म्हणून मामानं सकाळीच आबांची, माझ्या वडलांची, घोंगडी उचलून गोठ्यात टाकली. आमच्याच मेंढरांच्या लोकरीची! "पोरगा कंपनीत हाय, घरात मेंढरांचा वास कशाला?" म्हणे. ओसरीवर मांडववाल्याचा भाड्याचा सोफा आणला. आन् मी तरी त्याला का अडवलं नाही?

मुलीचे वडील सोफ्यावर बसलेच नाहीत. म्हणाले, "घोंगडी न्हाई का? पाव्हण्याला घोंगडी टाकतात आपल्यात."

मामा ऐटीत म्हणाला, "आमच्यात आता तसलं कोण वापरत न्हाई."

त्यांनी चहा उभ्यानंच घेतला. "आमची पोरगी मेंढरामागं वाढली. तुमच्यात तिचा निभाव न्हाई लागायचा," म्हणाले आन् निघाले.

वर मामा आबांवरच उखडला, "तुमचा अवतार बघून गेले!" माझ्या तर तळपायाची आग मस्तकाला गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आबांनी गोठ्यातनं घोंगडी आणली, झटकली, सोफ्यापुढं जमिनीवर अंथरली.

"बसा आता, पाव्हणं," ते मामाला म्हणाले.

मामा उभाच.