मान खाली, डावा हात सरळ

॥ श्री ॥

नारायणगुडा, हैदराबाद
६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. वृषालीस,
कमलचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व क्षेम. तिकडचं क्षेम कोणत्या थराला गेलंय, ते केदारच्या फोनवरून कळलं.

काल फोनवर मी तुझ्याशी गोडच बोलले. भांडण फोनवर करायचं नाही, कागदावर करायचं, म्हणजे लिहिता लिहिता निम्मा राग उतरतो, ही आमच्या आबांची शिस्त. माझा उतरलेला नाही, हे ध्यानात ठेवून पुढचं वाच.

उभी हयात आबिड्सच्या कचेरीत फायली उपसून तू निवृत्त झालीस. मला वाटलं, माझी भावजय आता घरात जरा टेकेल. तर बाईसाहेब गोल्फ शिकायला निघाल्या! साठीला आलेल्या बाईने पँट चढवून भल्या पहाटे कुकटपल्लीहून गोळकोंड्याकडे जायचं आणि काठीने चेंडू मारायचा. तोही लागत नाही म्हणे. आमचा भाऊराया अविनाश सांगत होता, की पावसाळा सरला तरी तुला खऱ्या मैदानावर पाऊल टाकू दिलेलं नाही, अजून काठी फिरवायची कशी तेच चाललंय. एवढ्या अवधीत मुली मोटार चालवायला शिकतात गं. आणि शिकवणाऱ्याचं नाव बबलू! या बबलूला तू सर म्हणतेस, हे ऐकून मी कपाळाला हात लावला.

मुद्द्याचं सांगते. केदार आणि पल्लवी सातला कामावर निघतात. त्यांच्याकडची बाई नवीन वर्षात गावी जाणार आहे. मग सकाळी शर्वरीला कोण बघणार? दीड वर्षाचं पोर ते. केदार आईला सांगायला कचरतो, म्हणून आत्या सांगते आहे. ही थेरं बंद कर आणि सकाळ नातीला दे. माझ्या गौतमची दोन्ही पोरं मी वाढवली. मला कुणी काठी आणून दिली नाही.

तुझ्यावर लोभ आहे म्हणून एवढी शाई खर्च केली. तो टिकवणं आता तुझ्या हातात.

तुझी,
कमल


कुकटपल्ली
१७ नोव्हेंबर २०२४

ती. वन्सं यांस,
वृषालीचा सा. न. वि. वि. पत्र पोचलं. निम्मा उतरून एवढा उरला असेल, तर मूळचा राग केवढा होता या विचाराने हे दिवसभर माझ्यासमोर आलेच नाहीत. आपल्या भावाचं धैर्य आपल्याला ठाऊकच आहे.

चेंडू लागत नाही, हे खरं आहे. लपवत नाही. पहिल्या दिवसाची गंमत तर यांनाही सांगितलेली नाही. मी क्लब, म्हणजे आपण म्हणता ती काठी, मागे नेला आणि बबलू सर मागून ओरडले, की सर, मॅडम, सर! मी क्लब टाकून ताठ उभी राहिले आणि कोण साहेब आले ते बघू लागले. कचेरीतली सवय, दुसरं काय. ते बिचारे डोक्याबद्दल बोलत होते. सर उठाना नक्को, हे त्यांचं म्हणणं. रांगेतले सगळे हसले. तेव्हापासून रोज तेच ऐकते आहे. मान खाली, डावा हात सरळ, घाई नक्को. आणि मी रोज चेंडू लागण्याआधीच तो कुठे गेला ते बघायला मान वर करते. मग तो कुठेच गेलेला नसतो.

आता शर्वरीचं. नऊ वाजल्यापासून दिवे लागेपर्यंत ती माझी, आनंदाने. नऊच्या आधीची वेळ मात्र मी देणार नाही. केदारला उशिरा जायची परवानगी मागता येते. पल्लवीने तिच्या कचेरीत मागितली आणि आठवड्यातले काही दिवस तिला मिळालीसुद्धा. केदारला त्याच्या साहेबाला विचारायची भीती वाटते, म्हणून त्याने आत्याला विचारलं.

वन्सं, या घरात आल्यावर मी सतार धरली आणि सोडली. एम.ए.चा फॉर्म भरला, परीक्षेला बसले नाही. तेलुगूचा वर्ग अर्ध्यावर टाकला. कुणी जुलूम केला नाही, दर वेळी कुणाला तरी माझी गरज होती, एवढंच. स्विंग, म्हणजे क्लब फिरवायची लय, अंगात बसायला वर्ष लागेल असं बबलू सर म्हणतात. लागू दे. एक गोष्ट मला शेवटापर्यंत शिकायची आहे.

राग कागदावर असला तरी माया मनात असू द्यावी.

आपली,
वृषाली


नारायणगुडा
५ जानेवारी २०२५

चि. सौ. वृषालीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी हसले. बाई गं, मान खाली ठेव हे आम्ही तुला लग्नाच्या मांडवापासून फुकट सांगत होतो! तेव्हा तो तुला सासुरवास वाटला. आता तेच वाक्य पहाटे उठून, पेट्रोल जाळून, फी भरून बबलूच्या तोंडून ऐकतेस आणि वर त्याला नमस्कार करतेस. आमची आई असती तर तिने घरीच वर्ग काढला असता.

सतारीचं मनावर घेऊ नकोस. तुझा हात फारसा चालत नव्हता, हे मी शेजारच्या खोलीत झोपत असल्याने खात्रीने सांगू शकते.

केदारकडची बाई फेब्रुवारीपर्यंत थांबायला तयार झाली आहे, त्यापुढे नाही. अविनाशने निर्णय माझ्यावर सोपवला आहे. शर्टाचा रंगसुद्धा तो मला विचारून ठरवायचा, त्यामुळे यात नवल नाही. केदार मला येत्या रविवारी घेऊन येईल. तो खेळ मी डोळ्यांनी बघणार, आणि पोरखेळ वाटला तर तिथल्या तिथे सांगणार. मग तुझी काठी माळ्यावर.

येईपर्यंत लोभ आहे, पुढचं बघून ठरवू.

कमल


कुकटपल्ली
८ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि. अवश्य यावं. मात्र पाहुण्या म्हणून यावं, परीक्षक म्हणून नको. परीक्षक एक आहेत आणि ते पुरेसे छळतात. मागच्या महिन्यात चेंडू जरा बरा लागू लागला होता, तर त्यांनी माझी पकडच बदलली. आता पुन्हा पहिले पाढे. क्लब एका बाजूच्या कमरेपासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतच न्यायचा, त्यापुढे नाही. तळहाताला फोड आले आहेत. परवा इतका कंटाळा आला की गाडीत बसून रडले आणि परत जाऊन उरलेले चेंडू मारले.

आपण मानेवरून हसलात, तर त्यावर मी विचार केला. घरात मान खाली असायची, पण कान टवकारलेले असायचे. हातात काहीही असो, हाक आली की वळायचं. ती सवय मानेत इतकी मुरली आहे, की हाक नसली तरी मान वळते. बबलू सर सांगतात ती खालची मान वेगळी. ती समोरच्या चेंडूसाठी आहे, आणि तो चेंडू माझा आहे. मला हे आपल्याला नीट सांगता येत नाही, कारण अजून ते माझ्या अंगात आलेलं नाही.

ऊन लागतं, टोपी आणावी. निर्णय काहीही असला तरी मी सोमवारी सरावाला जाणार आहे, हे आधीच कळवते. कळवून ठेवलं की लोभात अंतर पडत नाही, असं मी आपल्याकडूनच शिकले.

आपली,
वृषाली


नारायणगुडा
१६ जानेवारी २०२५

वृषाली,
आशीर्वाद. घरी आल्यापासून मी लिहायला बसते आहे आणि उठते आहे. असं माझं कधी होत नाही.

आधी निंदा उरकून घेते. तो खेळ म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. चांगली धडधाकट माणसं ओळीने उभी राहून आपल्याच चेंडूकडे बघत उसासे टाकतात. तुझा बबलू गॉगल लावून असा फिरतो, जणू निजामाने त्याला जहागीर दिली आहे. आणि तू एकेका चेंडूपाशी इतका वेळ उभी राहतेस, की तेवढ्यात दूध उतू जाऊन शेगडी विझेल.

मग मी तुला हाक मारली. माझी खुर्ची उन्हात होती, ती सावलीत करून हवी होती, बाकी काही नाही. तू काठी मागे नेली होतीस. माझ्या हाकेला आपल्या घरात कुणी वळलं नाही, असं अजून घडलेलं नाही. अविनाश तर तोंडातला घास न गिळता उठतो. तू वळली नाहीस. तुझी मान हललीसुद्धा नाही. चेंडू गेला. फार लांब गेला नाही, उजवीकडे भरकटला, आणि बबलूने तोंड वाकडं केलं. चेंडू गेल्यावरही तू क्षणभर खालीच बघत होतीस. मग माझ्याकडे येऊन विचारलंस, की वन्सं, काय हवं होतं?

मला भयंकर राग आला. तोवर खुर्ची मी स्वतःच ओढून सावलीत नेली होती. बसल्यावर बराच वेळ कळेना, राग कुणाचा आला आहे. तुझा नव्हता.

परतताना गाडीत केदारने विचारलं, की आत्या, मग काय ठरलं. मी म्हटलं, नऊपर्यंत तुझी मुलगी तुझी. तो म्हणाला, साहेब ऐकणार नाहीत. मी सांगितलं, की आईपाशी आत्याला पाठवलंस, साहेबापाशी तरी स्वतः जा. अविनाशलाही कळवलं. तो बरं म्हणाला, तो दुसरं काय म्हणणार!

काल सकाळी मी देवापाशी जपाला बसले होते. गौतमच्या धाकट्याने आतून हाक मारली, मोजे सापडत नाहीत म्हणून. घरात त्याची आई होती, बाप होता. मी मनाशी ठरवलं, वळायचं नाही, माळ पुरी करायची. वृषाली, माळ हातात राहिली आणि मान वळली गं. मोजे शोधून दिले आणि परत आले, तर जप कुठवर आला होता ते आठवेना. मला रडू आलं.

लोभ माझ्याकडून आहेच, तुझ्याकडूनही असू दे. आणि हे शिकायला किती दिवस लागतात, ते कळव.

तुझी,
कमल