धुतलेली शाल

ती. मावशीस,

वाकणं अजून जमत नाही, म्हणून बसल्याबसल्याच नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? मलम लावतेस ना? (आणि त्याचा वास लपवायला वर अर्धी बाटली अत्तर?) मुलगी झाली हे तुला फोनवर कळलंच आहे. ती मजेत आहे. माझं मात्र तुला सांगायचं राहिलं.

आई असती तर बाळंतपणात तीच उशाशी बसली असती. ती नाही, म्हणून तुझ्या जावयाने एक डूला ठरवली. डूला म्हणजे डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. कळा येताना धीर द्यायला नेमलेली पगारी सोबतीण. बाई गोड. इतकी गोड की माझं डोकं उठायचं. पहिल्याच भेटीत म्हणाली, "जवळ असली की बरं वाटतं अशी एखादी वस्तू द्या, मी बॅगेत ठेवते." मी आईची शाल काढून दिली. आई गेल्यापासून ती मी ना धुतली, ना उन्हात घातली. तुम्हा दोघी बहिणींच्या त्या मलमाचा वास तिला अजून होता.

कळा सुरू झाल्यावर बाई म्हणाली, शांत समुद्र डोळ्यांसमोर आणा. (मला बोट लागते, हे तिला कोण सांगणार?) तेवढ्यात तुझ्या जावयाला घेरी आली, आणि माझी पाठ चोळायला आलेली बाई त्याचीच पाठ चोळत बसली. मी म्हटलं, असू दे, मला शाल तेवढी द्या. शालीत तोंड खुपसलं तर नाकात साबणाचा फुलाफुलांचा वास. बाळाला जंतू नकोत म्हणून तिने ती स्वतःच्या हाताने धुतली होती. वर इस्त्रीही केली होती.

मी हंबरडा फोडला. बाई म्हणाली, "छान, अशाच मोकळ्या व्हा." आई गेली तेव्हा मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही म्हणून तू माझ्याशी बोलत नव्हतीस. ते सगळं त्या खोलीत निघालं, मावशी, आणि बघायला तू नव्हतीस.

तुझी,
भाची (आता एका मुलीची आई)

ता. क. बाईला मी काही बोलले नाही. जावई तर तिचं तोंडभरून कौतुक करतो. खरंच आहे, त्याच्या बाळंतपणात ती जागची हलली नाही.

ता. ता. क. थोडे दिवस राहायला ये. बाळासाठी काही आणू नकोस. फक्त येताना अत्तर लावू नकोस.