कोपराच्या मापाची पेटी

प्रति,
मा. कारखाना सुरक्षा निरीक्षक,
विभागीय कार्यालय, दक्षिण मॅनिटोबा.

विषय : शेलेनबर्ग कपाट कारखान्यातील स्वयंचलित राउटर यंत्रास सोमवारपूर्वी सील ठोकणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवर आलेले 'यंत्र सुस्थितीत आढळले' हे उत्तर.

महोदय,

१. अर्जदार इस्ब्रांड हार्डर, राहणार लिंडेनटाल, हा स्वतःचे मेहुणे श्री. याकोब शेलेनबर्ग यांच्या सदर कारखान्यात नोकरीस आहे. प्लायवूडच्या तक्त्यावर कपाटाचा कोणता भाग कुठे बसवायचा आणि राउटरने, म्हणजे लाकूड कापणाऱ्या यंत्राने, कोणत्या वाटेने कापत जायचे, हे आजवर अर्जदार ठरवीत असे. गेल्या हिवाळ्यापासून ते काम संगणक आपले आपण करतो. त्याला शिकविण्यासाठी अर्जदाराची सर्व जुनी कामे त्यात भरण्यात आली. अर्जदाराच्या हाती झाडू आला, त्याबद्दल तक्रार नाही.

२. आमच्या गावात ओटा बाईच्या कोपराच्या उंचीला बेततात, म्हणजे पावाचे पीठ मळताना पाठ धरत नाही. घरात कोणी वारले की शवपेटीही हाच कारखाना फुकट करून देतो. मयताला टेप लावणे आमच्यात वाईट दिसते, म्हणून बाईच्या पेटीची लांबी तिच्या ओट्याच्या मापावरून काढतात. जुन्या कामांत या पेट्याही होत्या. संगणकाने त्यातून एवढाच धडा घेतला की ओट्यामागून पेटी येतेच, आणि ती निघेपर्यंत ऑर्डर पुरी झाली असे तो मानीत नाही.

३. तेव्हापासून नव्या ओट्याची ऑर्डर आली की इतर कामांच्या तक्त्यांत जिथे रिकामी जागा सापडेल तिथे तो त्या मापाच्या पेटीचे भाग कापतो. झाकण सर्वांत लांब, त्यामुळे ते शेवटी निघते. श्रीमती सुसाना पेनर यांचे झाकण निघाले त्याच आठवड्यात त्या गेल्या. वय झाले होते, कोणी काही मनाला लावून घेतले नाही. पुढे हेलेना गिसब्रेख्ट गेली. तिची मुले अजून शाळेत जातात. मारिया टोएव्स हिने भिऊन ऑर्डर मागे घेतली, तरी तिचे भाग निघतच राहिले. तिला आम्ही ईस्टरनंतर पोचवून आलो.

४. अर्जदाराने पेट्यांची कामे संगणकातून पुसली. शिकलेले विसरायला लावण्याची सोय त्यात नाही. श्री. याकोब यांना विनवले असता ते सूर्यफुलाच्या बिया फोडीत म्हणाले, "दाजी, माणसं आधीपण मरतच होती की. आता निदान लाकूड तरी वाया जात नाही." निघालेले भाग ते नावाची चिठ्ठी लावून भिंतीशी रचून ठेवतात. गावातील लोक काही ना काही निमित्त काढून येतात आणि चिठ्ठ्या वाचून जातात.

५. या वसंतात श्री. याकोब यांनी बहिणीला, म्हणजे अर्जदाराची पत्नी आगानेटा हिला, नवे स्वयंपाकघर भेट द्यायचे भर चर्चमध्ये जाहीर केले. लग्नापासून ती त्याची वाट पाहत होती. नको म्हणायला अर्जदाराची जीभ रेटली नाही. ऑर्डर भरण्याचे काम मात्र अर्जदाराने मागून घेतले आणि तिच्या कोपराच्या जागी स्वतःच्या कोपराचे माप भरले.

६. ओटा बसला. तो तिच्या जवळजवळ छातीशी येतो. ती स्टुलावर उभी राहून पीठ मळते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "एवढी वर्षं कपाटं केली ह्यांनी, आणि बायकोला ओटा म्हणून माळा करून दिला." अर्जदार ऐकून घेतो. तिला कारण सांगितलेले नाही, आपणही कृपया सांगू नये.

७. भिंतीशी आता पेटीचा तळ, दोन्ही बाजू, डोक्याची व पायांची फळी तयार आहे. चिठ्ठीवर आगानेटाचे नाव आहे, पण लांबी अर्जदाराची आहे. अर्जदाराने त्या फळ्यांशेजारी उभे राहून खात्री केली. आता फक्त झाकण राहिले. सोमवारी शाळेच्या कपाटांचे काम लागत आहे आणि त्या तक्त्यांत लांब जागा उरते.

८. तरी सोमवारी यंत्र सुरू होण्यापूर्वी त्यास सील ठोकावे, ही विनंती. अर्जदारास जगण्याची इच्छा आहे, हे स्पष्टपणे नमूद करीत आहे. परंतु कार्यालयीन अडचणींमुळे आपले येणे सोमवारनंतर झाल्यास यंत्राचे काय ते नियमाप्रमाणे करावे. मात्र माझ्या आगानेटाचा ओटा तेवढा उतरवून देण्याचा लेखी हुकूम श्री. याकोब यांना द्यावा. स्टूल एका पायाने डुगडुगते.

आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
इस्ब्रांड हार्डर
लिंडेनटाल, शुक्रवार, १५ मे

सोबत : आगानेटाच्या कोपराचे खरे माप, दोरीला गाठ मारून. हे कोणत्याही यंत्रात भरू नये, सुताराच्या हातात द्यावे.